चौकातली उखळी गाडी

सेक्टर २, भिलाई
४ ऑगस्ट २०२४

ती. पीयूषदादास,
गुंजनचा सा. न. वि. वि. इकडे सगळे ठीक. तिकडचं तू खरं खरं लिहावंस, नेहमीसारखं 'मजेत' लिहून सुटू नयेस.

तुमच्या लष्करी ठाण्यावर फोनला मनाई झाली हे कळल्यावर आई रागावली होती. आता म्हणते, बरं झालं, निदान कागद तरी घरात येईल. जेवणं झाली की बाबा मला तुझं पत्र मोठ्यानं वाचायला लावतात, तेव्हा त्यात मला गुंजी-बिंजी लिहू नकोस.

बातमी अशी की आपल्या क्वार्टरमागच्या चौकात एक जुनं लष्करी वाहन शोभेसाठी आणून ठेवलं आहे. ट्रेलरवरून आलं आणि क्रेननं चबुतऱ्यावर उतरवलं. रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे आहेत, पण पुढे सोंड नाही. पाठीवर दोन झडपा, आणि त्यांच्यामधून आभाळाकडे तोंड केलेली एक आखूड, जाड नळी. गर्दीतला एक जण म्हणाला, यार, ये तो बिना सूंड का हाथी है. इंजिन काढून घेतलं आहे, दारं वेल्डिंगनं बंद केली आहेत. डाव्या बाजूला पुढे लोखंड दबलेलं आहे. बाजूवरचा नंबर या कागदाच्या मागे उतरवला आहे, बघ तुला काही ओळख लागते का.

चौक समितीनं तिथल्या दगडावर काय कोरायचं ते लिहायला मला सांगितलं आहे. बाबांचंच काम असणार. हल्ली ते कोणालाही माझी ओळख 'ही आमची बीए' अशी करून देतात. पण दादा, मला हे मनापासून करायचं आहे. अशा दगडांवर काय असतं? वजन इतकं, वेग इतका, पल्ला इतका, आणि खाली उद्घाटन करणाऱ्याचं नाव. त्या लोखंडात बसून ज्यांनी काम केलं त्यांचा पत्ताच नसतो. बाबांनी जन्मभर प्लांटमध्ये लोखंड तापवलं, त्यांचं नाव कुठे आहे? मला या दगडावर माणसं हवी आहेत. तर ही गाडी काय करते आणि हिच्यात कोण बसतं ते लिही.

आई त्या बाजूनं दूध आणायला जात नाही. म्हणते, त्या नळीचं तोंड उघडं कावून ठेवलं, झाकलं का नाई?

माया तशीच राहू दे, आणि हाताला दोन ओळी जास्त लिहायची सवय लाव.
तुझी गुंजन

*

मार्फत ५६ एपीओ
१३ ऑगस्ट २०२४

चि. गुंजीस (बाबा, हे मोठ्यानं वाचायला लावा),
अनेक आशीर्वाद. ती. आईबाबांस नमस्कार.

नंबर वाचला आणि मी उडालोच. ती माझीच गाडी आहे वं! तो दबलेला कोपरा मी एका खडकावर घासून दाबला होता आणि त्यावरून खूप बोलणी खाल्ली होती. म्हातारी झाली म्हणून आमच्याकडून नेली आणि आम्हा चौघांना दुसरी दिली. ती फिरत फिरत आपल्याच दारामागे येऊन उभी राहील असं कोणाला वाटलं असतं?

आता हिचं काम समजून घे. रणगाडा समोर दिसेल त्यावर मारतो. आमच्या गाडीच्या पोटात उखळी तोफ असते. आईला सांग, उखळासारखीच, फक्त मुसळ आतून बाहेर जाते. गोळा वर चढतो आणि डोंगरापलीकडे पडतो. म्हणजे ज्याच्यावर मारायचं तो आम्हाला कधी दिसत नाही, आणि आम्ही त्याला दिसत नाही. आम्ही एखाद्या नाल्यात दडून उभे असतो. दूर उंचावर आमचा एक माणूस दुर्बीण आणि वायरलेस घेऊन बसतो. तो सांगतो, जरा डावीकडे, जरा पुढे. त्याचा आवाज हेच आमचे डोळे. तो आवाज बंद झाला तर आम्ही लोखंडाच्या डब्यात बसलेले चार आंधळे.

हवालदार विष्णू साहेब गाडीचे प्रमुख. मी पुढे बसून चालवतो. मागे समीर आणि रोशन तोफेपाशी. रोशन आपल्या दुर्गचाच, त्यामुळे मला छत्तीसगढीत शिव्या खायला मिळतात.

तू नावं कोरणार म्हटल्यावर समीर तर लाजून लाल झाला. रोशन म्हणाला, मेरा नाम बड़े अक्षर में. विष्णू साहेबांनी आधी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, बहिणीची हौस आहे, लिहू दे.

मजेत आहे. (आता हे खरं असेल तर काय करू?)
घरच्या आठवणीत मला उजवीकडची जागा ठेवा.
तुझा दादा

*

सेक्टर २, भिलाई
२० सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं गेलं पत्र बाबांनी इतक्या वेळा वाचून घेतलं की आता त्यांना पाठ आहे.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी दगडावरचा पडदा निघाला. समितीशी मी बरीच भांडले. ते म्हणत होते की नावं कशाला, उगाच. मी म्हटलं, नावं नसतील तर मजकूर तुम्हीच लिहा. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं आहेत: 'इस वाहन के सैनिक', आणि खाली तुम्ही चौघे. प्लांटची माणसं पूजेच्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लावून आली होती, येता येता गाडीलाही लावून गेली. बाबांनी पट्ट्यांवरची धूळ आपल्या गमछानं पुसली.

पण गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी पितरांचे दिवस लागले. काल हुडको वस्तीतल्या भजन मंडळाच्या बेबीताई आपल्या बायका घेऊन चौकात आल्या, दगडाला हार घातला आणि गोवरीचा विस्तव मांडून बसल्या. त्यांना वाटलं, दगडावर नावं आहेत म्हणजे ही माणसं गेलेली. मी धावत जाऊन सांगितलं की चौघेही जिवंत आहेत, एक तर माझा सख्खा भाऊ आहे. बेबीताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, हो वं बाई, असे लोक मरतच नसतात. मागच्या बायकांनी पदरानं डोळे टिपले. मी पुन्हा समजावलं, तर म्हणाल्या, रडू नको. मी रडत नव्हतेच!

शेवटी वाटलं, जाऊ दे. कोणाच्या तरी पोराची आठवण ठेवताहेत, त्यात वाईट काय? दगडावर ऊन चमकत होतं, अक्षरं त्यांना दिसेनात. तूच वाच म्हणाल्या. मी एकेक नाव वाचलं, आणि प्रत्येक नावाला बेबीताईंनी विस्तवावर तूपभाताचा एक घास टाकला. तुझं नाव घेताना हसू आवरलं. वारा नव्हता. धूर सरळ वर गेला आणि वळून त्या नळीच्या तोंडात शिरला. मी बराच वेळ पाहत उभी होते, पण तो परत बाहेर आला नाही.

संध्याकाळी गाडीतून टक टक असा आवाज येतो. बाबा म्हणतात, दिवसभर तापलेलं लोखंड निवताना बोलते, घाबरायचं नाई.

आईला घासाचं सांगितलेलं नाही. तूही पत्रात लिहू नकोस.
लोभाचा धागा सैल होऊ देऊ नये.
तुझी गुंजन

*

मार्फत ५६ एपीओ
२४ सप्टेंबर २०२४

चि. गुंजनास,
अ. आ. आईबाबांस नमस्कार. तुझं नवं पत्र अजून आलं नाही, पण मीच लिहून राहिलो, कारण इथे एक विचित्र गोष्ट चालली आहे आणि ती सांगायला दुसरं कोणी नाही.

चार-पाच दिवसांपासून मला भूक लागत नाही. आजारी नाही. पोट भरल्यासारखं वाटते. तोंडात सारखी एक चव असते, तूपभाताची, आणि तिच्यामागे शेणीच्या धुराची. मी कोणाला बोललो नाही. मग समीरनंच विचारलं, इथे कोण तूप जाळतंय? रोशनलाही तेच, विष्णू साहेबांनाही तेच. बाकी ठाण्यात कोणालाच नाही. आम्ही चौघेच.

लंगरमध्ये, म्हणजे आमच्या जेवणघरात, परवा सगळ्यांना वाढलं आणि आम्हाला सोडून वाढपी पुढे गेला. हाक मारली तर दचकला, माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोशन म्हणतो, अच्छा है, आदमी कम तो रोटी मोटी. पण काल सरावात उंचावरच्या माणसाला आमचा आवाजच पोचेना. त्याचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. तो सारखा विचारत होता, नाल्यात कोणी आहे का? आम्ही चौघे आळीपाळीनं ओरडत होतो. सेट तपासला, त्यात काहीच बिघाड नाही.

तू हसशील. मीही दिवसा हसतो.
आठवण काढत जा. आत्ता तिची गरज आहे असं वाटते.
तुझा दादा

*

सेक्टर २, भिलाई
३ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि. मी हसले नाही.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे जेवणानंतर वाचायला घेतलं. तूपभात आणि शेणीचा धूर या शब्दांपाशी आईनं मला थांबवलं. तिनं फक्त एवढंच विचारलं की चौकात कोणी काय केलं. मला सगळं सांगावं लागलं. ती ओरडली नाही, त्याचीच भीती वाटली. म्हणाली, मेलेल्याचं पान ज्यानं खाल्लं त्याले जिवंताचं पान गोड लागत नाई. आणि जिवंत लोक त्याले ओळखत नाई.

मी म्हटलं, आई, मी त्यांना सांगितलं होतं. ती म्हणाली, सांगितलं बी अन् नाव बी वाचलं.

बाबा दुसऱ्या दिवशी ड्यूटी सोडून दगडवाल्याकडे गेले. समितीचे लोक चिडले, पण बाबांचा चेहरा पाहून कोणी अडवलं नाही. मशीन लावून चारही नावं घासून काढली. काळा दगड आता कोरा आहे. मला वाटलं, सुटलो.

काल सर्वपित्री होती. बेबीताई बायकांसह आल्या. नावं नाहीत हे पाहून त्या जरा थांबल्या. मी हात जोडून विनवलं की इथे कोणाचंही नाव घेऊ नका. त्यांनी मान डोलावली, नाव घेतलं नाही. सगळं आटोपल्यावर त्यांनी शेवटचा घास हातात घेतला. तो तर दरवर्षी प्रत्येक घरात टाकतात, मला ठाऊक असायला हवं होतं. ज्याईचं नाव मालूम नाई, त्याईले बी, असं म्हणून त्यांनी तो विस्तवावर टाकला.

दादा, आम्ही तुमची नावं पुसून तुम्हाला त्यांच्यातच नेऊन बसवलं.

तिकडे काय चाललं आहे ते लगेच लिही. लपवू नकोस. लोभापेक्षा आत्ता मला तुझं अक्षर हवं आहे.
गुंजन

*

मार्फत ५६ एपीओ
१४ ऑक्टोबर २०२४

चि. गुंजनास,
अ. आ. तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. टपालाची वर्गवारी करणाऱ्यानं ती पेटीत तशीच ठेवली होती. म्हणाला, या नावाचं इथे कोणी नाही.

दोष कोणाला देऊ नको, स्वतःला तर नाहीच. पण लपवू नको म्हणालीस म्हणून लिहितो.

आता हजेरीत मोठे साहेब आमच्यापाशी येऊन थांबतात आणि कपाळाला आठ्या घालतात, जणू ओठावरचं काही निसटलं. मग पुढे जातात. काल मी समीरला हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याचं नाव आठवेना. तो माझ्याकडे पाहत होता. त्यालाही माझं आठवत नसावं. आता आम्ही चौघे सकाळी उठल्याबरोबर एकमेकांना नावं सांगतो. विष्णू साहेबांनी हा नियम केला आहे.

खरी भीती वेगळी आहे. दिवाळीनंतर, भाऊबीजेच्या संध्याकाळी, मोठा सराव आहे. आमची गाडी एका नाल्यात उभी राहील. पलीकडच्या तुकडीच्या तोफा त्याच भागात मारा करणार, आमची जागा सोडून. ती जागा साहेबांच्या नकाशावर टाचणी टोचून दाखवतात. आमची टाचणी नकाशावर नाही. विष्णू साहेबांनी जाऊन सांगितलं, साहेबांनी आमच्यासमोर टाचणी लावली. दुसऱ्या दिवशी नव्हती. पुन्हा सांगितलं, पुन्हा लावली, पुन्हा नाही. कोणी मुद्दाम काढत नाही. नकाशा पाहणाऱ्याला ती चुकून राहिलेली वाटते आणि तो ती उचलून डबीत टाकतो.

नाल्यात कोणी नाही असं समजून मारा झाला तर कोणाची चूक म्हणशील? तिथे कोणी नसेलच.

आईला यातलं किती वाचून दाखवायचं ते तू ठरव. तू घरात सगळ्यांत शिकलेली आहेस.
तुमचा, अजून तरी,
पीयूष

*

सेक्टर २, भिलाई
२१ ऑक्टोबर २०२४

ती. पीयूषदादास, पीयूष फकिरा लांजेवार यास,
सा. न. वि. वि. पूर्ण नाव मुद्दाम लिहिलं आहे. पाकिटावरही लिहिलं आहे, चारही बाजूंनी.

मी आईला सगळं वाचून दाखवलं. तुमच्या मोठ्या साहेबांना मी वेगळं पत्र टाकलं, त्यात साधं एवढंच की नाल्यात चार माणसं आहेत. ते पोचेल की नाही ते माहीत नाही.

मग मी बेबीताईंकडे गेले. म्हटलं, तुमचा घास परत घ्या. त्या वाईट नाहीत रे दादा. त्यांनी मला पाणी दिलं, बसवलं. पण म्हणाल्या, एकदा मुखात गेलेला घास परत काढता येत नाही. पितर चिडतील, आणि घरात माझी सून बाळंतपणाला टेकली आहे. त्यांचंही खरं होतं. मी परत आले आणि पहिल्यांदा वाटलं की शिकून मला चार ओळींचा मजकूर लिहिता येतो, बाकी काही येत नाही.

उपाय आईनंच काढला. ती म्हणाली, मेलेल्याले बी जेवाले बोलावते अन् जिवंताले बी. फरक एकच. मेलेला येते अन् मुकाट जेवून जाते. जिवंत ओ देते. आणखी म्हणाली की मेलेल्याला कोणी ओवाळत नाही. भाऊ दूर असला की बहीण भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. या वर्षी चंद्र राहू दे, गाडीला ओवाळ.

तर त्या संध्याकाळी, चंद्राची कोर दिसली की, मी चौकात तुम्हा चौघांना ओवाळीन आणि आई तुम्हाला जेवायला हाक मारेल. तुम्ही नाल्यात असाल. काही ऐकू येईल, येणार नाही. काहीही झालं तरी ओ द्या. मोठ्यानं. जणू खेळता खेळता उशीर झाला आहे आणि आई दारात उभी आहे.

एवढं माझं ऐक. जन्मभर तू माझं काही ऐकलं नाहीस.
गुंजन

*

सेक्टर २, भिलाई
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ती. दादास,
सा. न. वि. वि. चौकातून आत्ताच आले आहे आणि हात धुवायच्या आधी लिहीत आहे.

आई काल स्वतः हुडकोला गेली होती. तिनं बेबीताईंशी वाद घातला नाही. म्हणाली, उद्या माझ्या पोराचं जेवण आहे, तुम्ही पंगतीला या. जेवणाचं आमंत्रण कोण मोडणार? सगळ्या आल्या. बेबीताई दगडाच्या बाजूला उभ्या राहिल्या, कोणाकडे पाहत नव्हत्या. मग त्यांनीच तबकात तूप घातलं.

कोर दिसली तेव्हा मी ओवाळलं. तुमची चारही नावं घेतली. माझा आवाज सभेत बोलल्यासारखा निघाला आणि गाडी नुसती उभी होती. नळीच्या तोंडाशी दिव्याचा उजेडही जात नव्हता.

आईनं मला बाजूला केलं. ती चबुतऱ्याला टेकली आणि अगदी आपल्या लहानपणीच्या हाकेनं म्हणाली, पिव्या रे, जेवाले ये. मग रोशनला, समीरला, आणि विष्णूभाऊ, तुम्ही बी या, अशी. थांबली. काही नाही. पुन्हा हाक मारली. काही नाही. कोर खाली चालली होती. बायका कुजबुजू लागल्या. आईचा धीर सुटला, दादा. तिनं दोन्ही हातांनी लोखंडावर थापा मारल्या आणि ओरडली, या रे सगळे, सगळे या, कोणी बी उपाशी नका राहू, भात थंडा होऊन राहिला.

तेव्हा आतून आवाज आला. टक, टक, पुष्कळ ठिकाणाहून. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले नाहीत की लोखंड निवत आहे. आज दिवसभर ढग होते, ऊन पडलंच नव्हतं; आभाळ उघडलं ते थेट कोर दिसायच्या वेळी.

ओ मात्र आम्हाला ऐकू आला नाही.
लवकर लिही. कोणाकडून तरी लिहव, पण लिही.
गुंजन

*

मार्फत ५६ एपीओ
५ नोव्हेंबर २०२४

चि. गुंजनास,
अ. आ. आम्ही चौघे जिवंत आहोत. हे आधी आईला सांग, मग पुढचं वाच. पुढचं तू एकटीनं वाचलंस तरी चालेल.

नाल्यात उभे होतो. झडपा उघड्या. वायरलेसवर उंचावरचा माणूस पलीकडच्या तुकडीला सांगत होता, नाला रिकामा आहे, मारा करा. आम्ही ओरडून ओरडून थकलो होतो. समीरनं डोळे मिटले होते.

मग तोफेच्या नळीतून आईचा आवाज आला. बाहेरून नाही, नळीतून, विहिरीतून आल्यासारखा. पिव्या रे. मी ओ दिला. इतका जोरात की गळा फाटला. रोशननं दिला, समीरनं दिला. विष्णू साहेबांनी सगळ्यांत शेवटी, हळू, लहान पोरासारखा दिला. आणि त्याच वेळी वायरलेस म्हणाला, थांबा, थांबा, नाल्यात कोण आहे? तोफा थांबल्या. साहेब स्वतः धावत आले, आम्हाला नावानं हाका मारत. पत्ता लागेना की टाचणी कोणी काढली. काल मी आठ चपात्या खाल्ल्या. रोशननं दहा, तो खोटं बोलतो.

पण एक सांगायचं राहिलं. साहेब येण्याआधी आईचा आवाज पुन्हा आला. सगळे या म्हणाली ना ती? आम्ही चौघांनी तर आधीच ओ दिला होता. तरी ओ आला. नाल्याच्या खालच्या अंगाकडून आला, मग समोरच्या कड्यावरून, मग पार वरून, जिथे बर्फाखेरीज काही नाही. एकामागून एक. म्हाताऱ्या आवाजात, पोरसवदा आवाजात, आपल्या बोलीत, न कळणाऱ्या बोलीत. कितीतरी दिवसांनी कोणी जेवायला बोलावलं म्हणून घाईनं दिलेला ओ. विष्णू साहेबांनी झडपा ओढून घेतल्या आणि हे कोणाला सांगायचं नाही म्हणाले.

वायरलेसवाला विचारत होता, तुम्ही नक्की किती जण आहात?

डिसेंबरमध्ये सुट्टी मंजूर झाली आहे. आईला म्हणावं, आता कोणाला हाक मारू नको.
माझ्या वाट्याचा लाड शिल्लक ठेवा, घ्यायला येतो.
तुझा दादा, पीयूष

*

सेक्टर २, भिलाई
१४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि. तू जिवंत आहेस हे वाचलं तेव्हा बाबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ नळाशी तोंड धूत राहिले. बेबीताईंनाही कळवलं. त्या दारातच खाली बसल्या. त्यांच्या सुनेला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

पुढचं मी एकटीनं वाचणार होते. पण आईनं विचारलं, ओ कितीजणांनी देल्ला? माझ्यानं खोटं बोलवलं नाही. ती उठून तांदळाच्या डब्याकडे गेली. मग म्हणाली, बोलावलं तर मीच बोलावलं. आता नाई कसं म्हणू.

तेव्हापासून ती रोज दिवे लागायच्या वेळी गंजभर, मोठं पातेलं भरून, भात करते. गाडीपासून आपल्या दारापर्यंत पत्रावळी मांडते, वाढते, आणि दार उघडं ठेवून उंबऱ्याच्या आत बसते. मी विचारलं, किती पानं मांडायची? म्हणाली, मोजू नको, मोजलं तर कोणीतरी उरते. पहिल्या दिवशी मी तिला समजवायला गेले होते. आता मी पाणी ठेवते. सकाळी भात तसाच असतो, एक शीतही हललेलं नसतं. बाबांनी एकदा त्यातला घास तोंडात घालून पाहिला. म्हणाले, याच्यात काहीच नाही गुंजन, याची चव कोणीतरी नेली.

भीती वाटते का म्हणशील, तर वाटते. पण त्यांना मी जा कसं म्हणू? माणसांची आठवण राहावी म्हणून हट्ट मीच धरला होता, आणि त्यांनी माझ्या भावाच्या पाठोपाठच ओ दिला.

तू ये. सगळे वाट पाहत आहोत, पुरणपोळीचं ठरलं आहे. फक्त एक कर, दादा. तिकीट सकाळी दुर्गला पोचणाऱ्या गाडीचं काढ. उन्हात ये. संध्याकाळी दारात येणाऱ्याच्या तोंडाकडे आई पाहत नाही. ती खाली मान घालून नुसती वाढते.

तुझी, दिवसाउजेडी वाट पाहणारी,
गुंजन